स्थानिक महादेव कोळी उपलब्ध असल्यास

परिपत्रक वाचण्यात भिंगारमध्ये माझा हात कोणी धरू शकत नाही, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचून तुमचा गैरसमज होण्याचा संभव आहे. लष्कराच्या डेपोत मी अठरा वर्षं कारकुनी केली. 'उपरोक्त', 'तथापि', 'सबब' ही मंडळी मला घरच्यासारखी. कोर्टाचं समन्स असो की रॉकेलच्या परवान्याची नोटीस, शेजारपाजारचे लोक कागद आधी माझ्याकडे आणतात आणि मी चष्मा पुसून तो वाचेपर्यंत श्वास रोखून उभे राहतात. त्यामुळे एकाहत्तर सालच्या जानेवारीत साराने, म्हणजे माझ्या बायकोने, तिच्या बालवाडीला आलेला कागद माझ्यापुढे धरला तेव्हा मी नेहमीसारखा चष्मा पुसला. तिथंच घात झाला.

साराची बालवाडी चर्चच्या मागच्या खोलीत भरते. तीन पोरं आणि एक सतरंजी एवढ्यावर तिने ती सुरू केली होती. आता बावीस पोरं झाली होती. बहुतेकांच्या आया बिड्या वळणाऱ्या. बालवाडी नसती तर ही पोरं दिवसभर गल्लीत, नाहीतर तंबाखूच्या सुपाशेजारी. सारा त्यांची नाकं पुसायची, त्यांना गाणी शिकवायची आणि संध्याकाळी घरी येऊन माझ्याशीही 'चला, हात धुवा बरं' अशा सुरात बोलायची. मी ते चालवून घेत होतो.

कागद सायक्लोस्टाइल केलेला होता. स्टेन्सिल वरच्या बाजूला फाटलेलं असावं, कारण पहिल्या परिच्छेदाच्या जागी नुसता निळा डाग होता. खालचा मजकूर मात्र स्वच्छ होता. 'अकोले तालुक्यातील महादेव कोळी यांच्या जीवनाची ओळख बालकांना चित्रे, गाणी, खेळ व वस्तू यांच्या साहाय्याने करून द्यावी. स्थानिक महादेव कोळी उपलब्ध असल्यास त्यांस बालवाडीत निमंत्रित करावे. सदर उपक्रमाची तपासणी दिनांक सत्तावीस रोजी दुपारी बारा वाजता होईल. उपक्रम समाधानकारक न आढळल्यास बालवाडीची मान्यता चालू ठेवण्याबाबत फेरविचार करण्यात येईल.'

शेवटचं वाक्य वाचताना साराचा चेहरा उतरला. फेरविचार म्हणजे काय हे तिलाही कळत होतं.

"कोण हो हे महादेव कोळी?" तिने विचारलं.

आता, 'मला माहीत नाही' हे तीन शब्द मी अठरा वर्षांत कोणापुढे उच्चारलेले नव्हते. परिपत्रकं वाचणाऱ्या माणसाला ते परवडत नाहीत.

"अगं, ते अकोल्याचे," मी म्हणालो. "मोठे समाजसेवक आहेत."

अकोल्याचे हे कागदात होतं. समाजसेवक मी पदरचं घातलं. ज्यांना महादेव कोळी म्हणजे काय हे ठाऊक आहे, त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. बाकीच्यांनी माझ्याबरोबर यावं, मलाही सोबत होईल.

माहिती गोळा करायची म्हणून मी शेजारी आप्पासाहेबांकडे गेलो. आप्पासाहेब निवृत्त पोस्टमास्तर. एखादी गोष्ट त्यांना माहीत नाही असं आजवर झालेलं नाही, आणि एखादी गोष्ट त्यांना नीट माहीत आहे असंही झालेलं नाही.

"महादेव कोळी?" ते म्हणाले. "अहो, आमचे वडील सांगायचे ना! महादेव कोळ्यांनी इंग्रजांना सळो की पळो करून सोडलं होतं. डोंगरात राहून!"

म्हणजे स्वातंत्र्यसैनिकही. मी टिपून घेतलं. तेवढ्यात पलीकडच्या मालनबाई निवडायची मेथी घेऊन ओट्यावर आल्या. त्यांचं माहेर संगमनेरकडचं.

"आमच्याकडं बाजाराला यायचे की महादेव कोळी. हिरडा घिऊन. लई गरीब सभाव. तोलून झालं तरी वर मूठभर घालायचे."

"फार साधी राहणी दिसते," आप्पासाहेब म्हणाले.

इथं मला आपल्या मराठी भाषेबद्दल एक तक्रार नोंदवायची आहे. आपण एका माणसाला मान दिला की तो ताबडतोब अनेक होतो. साहेब आला असं म्हणायची सोय नाही, साहेब आले म्हणायचं. मग एक साहेब आले की दहा साहेब आले हे समजायला खिडकीतून बघावं लागतं. महादेव कोळी लढले, महादेव कोळी यायचे, महादेव कोळी मूठभर घालायचे. यातलं एक तरी क्रियापद मला सावध करू शकलं असतं की नाही? एकानेही तोंड उघडलं नाही.

खात्री करून घ्यावी म्हणून मी राजूरला गोरक्षनाथ मास्तरांना कार्ड टाकलं. मॅट्रिकला गोरक्ष माझ्या बाकावर बसायचा. कार्डाचा मसुदा मी तीनदा केला. 'महादेव कोळी यांना आमच्या बालवाडीत बोलावण्याची इच्छा आहे. हयात आहेत काय? प्रवास झेपेल काय? आम्ही भिंगारचे उजागरे त्यांच्या स्वागतास अत्यंत उत्सुक आहोत. उजागऱ्यांकडे आलेला पाहुणा उपाशी जात नाही, हे त्यांस आवर्जून सांगावे.' खाली एलिया उजागरे अशी सही केली. मसुदा चांगला उतरला होता, हे मी आजही म्हणतो.

आठ दिवसांनी उत्तर आलं. 'एलिया, महादेव कोळी हयात आहेत काय म्हणून काय विचारतोस? तुझ्यामाझ्यापेक्षा ठणठणीत आहेत. भात लावतात, डोंगर चढतात, बोहाड्याच्या जत्रेत देवांची सोंगं घेऊन नाचतात. तुझं कार्ड वाचून दाखवलं, फार आनंद झाला. सत्तावीसला पहाटेच्या एस.टी.त बसवून देतो. स्टँडवर घ्यायला ये.'

सारा कार्ड हातात धरून बोटांवर काहीतरी मोजत बसली.

"अहो, आप्पासाहेब म्हणतात ते इंग्रजांचं बंड त्यांच्या वडिलांच्या आजोबांच्या वेळचं. म्हणजे या गृहस्थांचं वय सव्वाशेच्या पुढं जातं. आणि अजून नाचतात?"

"हिरडा," मी म्हणालो. "रोज हिरडा खाणाऱ्या माणसाचं पोट साफ राहतं."

साराने कार्ड फडताळात ठेवून दिलं. मला वाटलं, तिला पटलं.

मग तक्ते. डेपोतल्या टाकाऊ खोक्यांचे पुठ्ठे आणून मी स्वतः बारा चित्रं रंगवली. महादेवरावांचा चेहरा कसा असेल, हा प्रश्न आला तेव्हा आप्पासाहेब आपण होऊन फेटा बांधून येऊन बसले. पुढले सहा दिवस ते रोज यायचे, दोन वेळा चहा घ्यायचे आणि 'नाक जरा सरळ काढा' असं सुचवायचे. पहिल्या तक्त्यावर महादेवरावांचा जन्म. तिसऱ्यावर महादेवराव एकटेच इंग्रजांच्या पलटणीचा पाठलाग करताहेत. सातव्यावर महादेवराव धोतर खोचून भात लावताहेत. दहाव्यावर महादेवराव नाचताहेत, आणि वय लक्षात घेऊन हातात काठी दिली होती. 'या हो महादेवराव, बसा हो खुर्चीवर' असं एक स्वागतगीतही मी रचलं. बावीस पोरं ते बावीस चालींत म्हणायची.

सत्तावीस तारखेला मी झेंडूचा एक हार घेऊन आणि टांगा ठरवून नगरच्या स्टँडवर उभा राहिलो. बालवाडीत पांढरी चादर घातलेली एक खुर्ची, एक नारळ आणि पावशेर पेढे अशी तयारी होती. गाडी साडेदहाला आली. मी आप्पासाहेबांसारख्या नाकाचा, थकलेला, पण तेजस्वी वृद्ध शोधत होतो. तसा कोणीही उतरला नाही. उतरले ते घोंगड्या पांघरलेले सहा पुरुष आणि पाच बाया. एकाच्या गळ्यात संबळ, एकीच्या डोक्यावर पानांनी शाकारलेलं मोठं इरलं, आणि दोघांनी मिळून धरलेलं एक पोतं. त्यांतल्या सगळ्यांत वयस्कर बाबांना मी विचारलं, "राजूरहून आलात का?"

"व्हय."

"महादेव कोळी आलेत का?"

"आलेत की."

"कुठं आहेत?"

"ह्ये काय, म्होरंच हुबं हायेत."

"यातले कोणते?"

बाबांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. "कोनते म्हंजी? समदेच."

"अकराच्या अकरा?"

त्यांना वाटलं, मी नाराज झालो. "आनखी यनार हुते," ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "पर मोटारीत जागाच गावली न्हाई. आमचं आख्खं गाव म्हादेव कोळ्यांचं, साहेब. मी बुधा. ही माजी भन, चांगुणा."

कागदाच्या डोक्यावरच्या त्या निळ्या डागात काय लिहिलेलं होतं, ते मला नगरच्या स्टँडवर उभ्या उभ्या वाचता आलं. आदिवासी जमात. माणूस नव्हे, जमात. डोंगरातल्या शेकडो गावांत पसरलेली आख्खी जमात मी धरून आणून, फेटा बांधून, एका खुर्चीवर बसवली होती.

हार हातात तसाच लोंबत होता. एक हार आणि अकरा माना. बुधाबाबांना माझी पंचाईत कळली असावी. "घाला संबळाला," ते म्हणाले. मी संबळाला हार घातला.

मग मला तक्ते आठवले. बारा पुठ्ठे भिंतीवर लटकत होते. बारा वाजता तपासणीला बाई येणार, ते बघणार, हसणार किंवा चिडणार, आणि शेरा मारून निघून जाणार. साराने तीन पोरांपासून उभी केलेली बालवाडी तिच्या नवऱ्याच्या चष्म्यापायी बंद पडणार. ती मला काही बोलणार नाही, हेच जास्त वाईट होतं. काहीही करून बाराच्या आत पोचायचं आणि पुठ्ठे उतरवायचे, एवढाच विचार डोक्यात राहिला.

पण टांग्यात माणसं चार. चांगुणाबाईंना आणि इतर तिघींना आत बसवलं, पोतं आणि इरलं टपावर गेलं, आणि उरलेले आम्ही आठजण मागून चालत निघालो. घाई करा म्हणून सांगायची सोय नव्हती, कारण गावाची वेस दिसल्याबरोबर संबळवाल्याने वाजवायला सुरुवात केली. पाहुणे वाजतगाजत जाणार, हे त्यांच्या दृष्टीने ठरलेलंच होतं. भिंगारच्या बाजारात दुकानदार फळीवरून खाली उतरले. कोणीतरी मला विचारलं, "काय उजागरे, लग्न कुणाचं?" डेपोतला माझा हेडक्लार्क रस्त्याच्या कडेला सायकल धरून उभा होता. मी त्याला पाहिलं नाही, असं मी ठरवलं.

चर्चपाशी पोचलो तेव्हा पावणेबारा झाले होते आणि दारात जीप उभी होती. सरकारी माणूस वेळेआधी येतो, हे अठरा वर्षांच्या नोकरीत मी पहिल्यांदाच पाहत होतो. आत तपासणीच्या मनकर्णाबाई सातव्या तक्त्यासमोर उभ्या होत्या. पांढऱ्या चादरीच्या खुर्चीवर आप्पासाहेब बसले होते. फेट्यासकट. स्वतःची चित्रं भिंतीवर कशी दिसतात ते पाहायला म्हणून आले होते. पोरांनी त्यांना पाहताच 'या हो महादेवराव' सुरू केलं होतं. बाईंनी उठून नमस्कार केला होता आणि हिरड्याबद्दल काहीतरी विचारलं होतं. आता 'मला माहीत नाही' हे आप्पासाहेबांनाही येत नाही. ते गेली वीस मिनिटं हिरड्याबद्दल बोलत होते.

बुधाबाबा आत आले. त्यांनी सातवा तक्ता पाहिला. मग आप्पासाहेबांना पाहिलं. मग पुन्हा तक्ता.

"ह्ये कोन?" त्यांनी विचारलं.

"महादेवराऽऽव!" बावीस पोरं एका सुरात ओरडली. एवढा एक सूर त्यांना गाण्यात कधी सापडला नव्हता.

"आसं व्हय," बुधाबाबा हात जोडून म्हणाले. "कुन्या गावचं पाव्हनं?"

आप्पासाहेब उठले, "मला जरा दूध आणायचंय," म्हणाले आणि फेटा काढत काढत गेले.

सारा भिंतीला टेकून उभी होती. तिने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेलं मला दिसलं. पुढे होऊन काहीतरी बोलावं म्हणून मी घसा साफ केला, पण माझ्या आधी चांगुणाबाई बोलल्या. त्यांनी टपावरून उतरवून आणलेलं इरलं जमिनीवर पालथं घातलं आणि पोरांना विचारलं, "आत कोन बसतंय?"

तीन पोरं बसली. मग पाच. मग आत कोण आणि बाहेर कोण यावरून रडारड झाली, तेव्हा चांगुणाबाईंनी ते बाहेर राहिलेल्या एका पोरीच्या पाठीवर ठेवलं आणि ती चार पायांवर चालायला लागली. "आसं वाकायचं, पाऊस पाठीवर घ्यायचा, आन् हातानं भात लावायचं," त्या म्हणाल्या. खराट्याच्या काड्या मोडून त्यांनी वाटल्या, आणि बावीस पोरं वाकून सतरंजीच्या भोकांत काड्या रोवू लागली. सतरंजीला एवढी भोकं आहेत, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. संबळ वाजत होता. दुसरी एक बाई भाताच्या लोंब्या चोळून पोरांच्या तळहातांवर दाणे ठेवत होती. एका पोराने हिरडा चावला आणि त्याचं तोंड जे वाकडं झालं ते बराच वेळ सरळ होईना.

मनकर्णाबाईंनी मला खुणेने दाराशी बोलावलं.

"उजागरे, खरं सांगा. महादेव कोळी हा एक माणूस आहे असं तुम्हाला वाटलं ना?"

मसुदे बरेच सुचले. सायक्लोस्टाइलचा डाग होता, मराठी क्रियापदं होती, गोरक्ष मास्तरांचं कार्ड होतं. पण आत सारा उभी होती.

"मला माहीत नव्हतं बाई," मी म्हणालो. "चूक माझी. तिची नाही. तिने मला विचारलं होतं, मी तिला खोटं सांगितलं. शेरा मारायचा तर माझ्या नावावर मारा."

बाई एकदम हसायला लागल्या. आवाज होऊ नये म्हणून त्यांनी तोंडाला रुमाल लावला.

"परवा एका बालवाडीत गेले होते. नाव सांगत नाही. तिथल्या बाईंनी भिंतभर कोळी काढला होता. जाळ्यातला. आठ पायांचा. आणि महादेव म्हणून गळ्यात रुद्राक्षाची माळ घातली होती." त्यांनी डोळे पुसले. "तुमच्या महादेवरावांना निदान पाय दोनच आहेत. आणि अहो, खऱ्या माणसांना बोलवायचं तुमच्याशिवाय कोणाला सुचलं नाही. मी हिंडले त्या सगळ्या बालवाड्यांत ही माणसं फक्त पुठ्ठ्यावर होती."

शेरेबुकात त्यांनी लिहिलं, 'उपक्रम अत्यंत समाधानकारक. मान्यता चालू ठेवण्यात यावी. तक्ते तेवढे उतरवावेत.' हे मी तीनदा वाचलं. चष्मा पुसून वाचलं. कुठंही डाग नव्हता. मग मी पोरांच्या वीतभर उंचीच्या बाकावर बसलो. सारा शेजारी येऊन बसली, आणि स्टँडवर बुधाबाबांशी झालेलं बोलणं मी तिला सांगितलं. तिचे डोळे भरलेले होते आणि ती हसतही होती.

"मला चौथ्या तक्त्यालाच शंका आली होती," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही चष्मा पुसून वाचलं होतंत ना."

जीप गेल्यावर बुधाबाबा आमच्याजवळ आले. त्यांच्या मनात काहीतरी घोळत होतं. त्यांनी खोलीच्या बाहेर डोकावून पाहिलं, चर्चच्या मागे पाहिलं, आणि परत आले.

"साहेब, बाकीचे उजागरे कुठं हायेत?"

"बाकीचे कोण?"

"आवो, मास्तरनं तुमचं कार्ड वाचून दावलं न्हवं का? आमी भिंगारचे उजागरे वाट बगतोय, उजागऱ्यांकडं आलेला पाव्हना उपाशी जात न्हाई. आमाला वाटलं, भिंगारच्या अंगाला उजागऱ्यांची जमात आसंल. येवडी मोठी जमात बोलावतीया, तर येकट्यादुकट्यानं जानं बरं दिसत न्हाई. म्हनून आमी अकराजन आलो." त्यांनी पोत्यावर हात ठेवला. "आन् आख्ख्या उजागऱ्यांना पुरंल येवडा तांदूळ आनलाय. नवा हाय. तर किती हायेत उजागरे?"

मी साराकडे पाहिलं. उजागरे दोन होते. एक ती आणि एक मी. हे सांगायला मी तोंड उघडणार, तोच तिने मला हाताने थांबवलं. काड्या रोवून झालेल्या, हिरड्याने तोंडं वाकडी झालेल्या त्या सगळ्या पोरांकडे बघून ती बाबांना म्हणाली, "हे काय बाबा, पुढंच तर आहेत. समदेच."

बुधाबाबांनी पोरं मोजली आणि समाधानाने मान हलवली. पोत्याचं तोंड सोडलं. आमच्या घरची पातेली पुरणार नव्हती, म्हणून मी मालनबाईंकडे मोठं पातेलं मागायला निघालो. फाटकाशी आप्पासाहेब उभे होते. फेटा काखेत, दुधाचा कुठं पत्ता नव्हता.

"पाहुण्यांबरोबर मीही जेवलो तर चालेल का हो?" त्यांनी खाली बघत विचारलं. "पण आत मी कोण म्हणून सांगू?"

"उजागरे म्हणून सांगा," मी म्हणालो, आणि पातेल्याचा दुसरा कान धरायला त्यांना बरोबर घेतलं.